एनआरआयमुळे पुण्यात घरं महागली का?

प्रश्न: आम्ही दोघं नोकरी करतो, वाकडला भाड्याने राहतो. टू बीएचके बघायला गेलं की सेल्सवाला म्हणतो लवकर टोकन द्या, अमेरिकेतले लोक व्हिडिओ कॉलवर फ्लॅट घेतायत. बाहेरच्यांना बंदी का नाही घालत?
– एक वाचक

उत्तर: तुमची चिडचिड अगदी रास्त आहे. पण भारतात न राहणाऱ्या परदेशी नागरिकाला आरबीआयच्या परवानगीशिवाय इथे सहसा घर घेता येत नाही, फेमा या परकीय चलनाच्या कायद्यात ती मुभा आहे एनआरआय आणि ओसीआय कार्डवाल्यांना (म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळच्या भारतीयांना), तीही शेतजमीन आणि फार्महाऊस सोडून. म्हणजे बंदी घालायची तर आपल्याच आतेभावावर घालावी लागेल, आणि ते मला पटत नाही.

मोठा परदेशी पैसा येतो तो बिल्डरच्या प्रोजेक्टमध्ये. 2005 पासून बांधकामात 100 टक्के एफडीआय, म्हणजे थेट परदेशी गुंतवणूक, चालते, फक्त नुसती जमीन घेऊन नफ्यावर विकायला मनाई आहे. त्यातून खराडी, हिंजवडीत ऑफिसं उभी राहतात, नोकऱ्या येतात आणि मग आजूबाजूला तुमच्यासारखेच पगारदार घर शोधायला लागतात, भाव चढतो तो तिथे. मला खरा राग येतो तो गुंतवणूक म्हणून घेऊन वर्षानुवर्षं कुलूप लावून ठेवलेल्या फ्लॅटचा, मालक कुठलाही असो.

तुम्ही म्हाडाच्या पुणे मंडळाची लॉटरी भरा. 4000 चौरस मीटरच्या वरच्या प्लॉटवरच्या प्रोजेक्टमध्ये 20 टक्के घरं छोटी ठेवावी लागतात, ती त्यातूनच मिळतात. आणि घर फक्त मिसेसच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटी 1 टक्का कमी लागते. टोकन द्यायच्या आधी महारेराच्या (बिल्डरांच्या प्रोजेक्टची नोंदणी करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या) साइटवर प्रोजेक्टचा नंबर टाकून ताबा कधीचा दिलाय ते नक्की बघा.