वाळवंट नदीचंच असतं

एका वाचकाने विचारलं आहे : "‘माणगंगेचं वाळवंट झालं’ असा मथळा वाचला. बारमाही नसलेल्या नदीच्या कोरड्या पात्राला वाळवंट म्हणणं बरोबर आहे का? आणि तसं असेल, तर पंढरपूरच्या वाळवंटाचं काय?"

मथळा चूक आहे, आणि दर उन्हाळ्यात तोच छापून येतो म्हणून जास्त चीड येते. नदीचं वाळवंट ‘होत’ नाही. नदीला वाळवंट असतं. पूर ओसरला की पात्रात, काठालगत वाळूचा जो पट्टा उघडा पडतो तो वाळवंट. तुकोबा ‘खेळ मांडियेला वाळवंटी घाई’ म्हणतात ते भीमेच्या पात्रातल्या वाळूबद्दल. थर आणि सहारासाठी मरुभूमी हा शब्द आपल्याकडे होताच. शाळेच्या भूगोलाने तो बाजूला ठेवून वाळवंट उचललं, आणि आता लडाखलाही ‘शीत वाळवंट’ म्हणतात. लडाखचा बहुतेक भाग खडक आणि दगडगोटे आहे. जिथे वाळू इतकी थोडी तिथे वाळवंट कुठून आलं, हे परिभाषा घडवणाऱ्यांनी एकदा सांगावं.

‘वाळ’ म्हणजे वाळू, त्यावर वेळ घालवत नाही. ‘वाळणे’वरून शब्द आला असं सांगणाऱ्यांनी भर पावसात, पाणी वाहत असताना उघड्या राहिलेल्या वाळूलाही लोक वाळवंटच म्हणतात हे ध्यानात घ्यावं. खरी गंमत ‘वंट’मध्ये आहे.

संस्कृतची जाणकार मंडळी सांगतात की हा ‘वंत’ आहे : बळवंत, भगवंत, तसं वाळूवंत, पुढे त-चा ट झाला. मला हे अजिबात पटत नाही. बळवंताचा बळवंट झालेला कुणी ऐकला आहे? शेकडो शब्दांत टिकलेला त इथेच का बिघडावा? माझं मत असं की हा ‘वंट’ वाटणीतला आहे. संस्कृतात ‘वण्ट्’ म्हणजे विभागणे. त्यावरून आपला वाटा, वाटणी. १९६२च्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले, त्याआधी हे शब्द ‘वांटा’, ‘वांटणी’ असेच लिहीत. तो अनुस्वार त्या मूळ ण्-ची खूण होती. गुजरातेत सुलतानी काळात राजपुतांकडे राहिलेल्या जमिनीच्या हिश्श्याला ‘वांटा’ आणि सरकारकडच्या भागाला ‘तळपद’ म्हणत. म्हणजे ‘वंट’ हा जमिनीच्या हिश्श्याचा शब्द म्हणून शेजारीच नांदत होता. वाळवंट म्हणजे पात्रातला वाळूचा हिस्सा.

आणि हा हिस्सा खरोखर वाटला जातो. विदर्भात पाणी उतरलं की भोई-ढीवर कुटुंबं पात्रात डांगरवाड्या लावतात. ओल लागेपर्यंत वाळूत खड्डा घ्यायचा, तळाशी शेणखत भरायचं, त्यात कलिंगड, काकडी, डांगराचं बी टोचायचं. उन्हाळ्यात माल बाजारात. पावसाळ्यात पूर येतो, बांध आणि खुणा पुसून टाकतो, वाळू दुसरीकडे नेऊन घालतो. म्हणून पुढच्या साली वाटणी पुन्हा पहिल्यापासून. शेताची वाटणी एका पिढीत एकदा होते, वाळूची दरसाल. जी जमीन दरवर्षी वाटावी लागते तिच्या नावात ‘वंट’ यावा, यापेक्षा चोख पुरावा मला नको.

माणगंगा कुळकजाईच्या डोंगरात उगवते, दहिवडी, म्हसवड, आटपाडी, सांगोला या भागांतून वाहत सरकोलीजवळ भीमेला मिळते. सगळा पर्जन्यछायेचा मुलूख, वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास. तिथे नदी वाहते थोडे दिवस आणि पुरते पुष्कळ दिवस, कारण पाणी वाळूत मुरून राहतं. झरा कसा काढतात ते पाहा. कोरडी वाळू दोन्ही हातांनी बाजूला सारायची, ओली लागली की वाटीने उकरायची. तळाशी आधी गढूळ पाणी जमतं, ते उपसून टाकायचं. तीनचारदा उपसलं की नितळ येऊ लागतं. मग वाटीवाटीने घागर भरायची. काठच्या विहिरींनाही हेच पाणी पाझरतं.

वाळू विकली जाते ब्रासने. ब्रास म्हणजे १०० घनफूट. वाळूच्या कणांमध्ये साधारण तिसरा हिस्सा पोकळी असते, म्हणजे पुरती भिजलेली एक ब्रास वाळू जवळपास ९०० लिटर पाणी पोटात धरते. त्यातलं काही कणांना चिकटून राहतं, बाकीचं झऱ्याला आणि विहिरीला मिळतं. वाळू उपसून नेली की खाली मुरूम आणि कातळ उघडा पडतो, पूर येतो तसा निघून जातो, आणि काठच्या विहिरी लवकर तळ गाठतात.

तेव्हा ‘माणगंगेचं वाळवंट झालं’ हा मथळा वस्तुस्थितीच्या नेमका उलटा आहे. जिथे उपसा झाला, तिथे माणगंगेचं वाळवंट गेलं आहे. बातमी पाणी आटल्याची असेल तर ‘पात्र कोरडं पडलं’ लिहा, वाळू गेल्याची असेल तर ‘वाळवंट उपसलं’ लिहा. पंढरपूरच्या वाळवंटाला मात्र निःशंक वाळवंटच म्हणा, नदी दुथडी भरून वाहत असली तरी.