स्टँडबाय सीपीयू लावल्यावर पीएलसीचा स्कॅन टाइम का वाढतो?

वाढतोच, घाबरू नका. (पीएलसी म्हणजे यंत्रं चालवणारा कंट्रोलर, आणि स्कॅन टाइम म्हणजे त्याला प्रोग्रॅमची एक फेरी संपवायला लागणारा वेळ.) दुसरा सीपीयू, म्हणजे पहिला बंद पडला तर काम उचलायला ठेवलेला राखीव, नुसता शेजारी बसून असतो, मग वेळ कुठं जातो असं तुम्ही विचारलंय, तर तो बसून असला तरी पहिल्यानं काय काय लिहिलं ते त्याला सारखं कळवत राहावं लागतं आणि ते पोचल्याशिवाय पहिला पुढं सरकत नाही, तो थांबण्याचा वेळ स्कॅनमध्येच धरला जातो.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनला आहे. बॉयलरचा कंट्रोललॉजिक्स (रॉकवेलचा पीएलसी) आम्ही ऑफ सीझनला सिंगलचा रिडंडंट, म्हणजे दोन सीपीयूचा केला, लॉजिकला हात पण लावला नव्हता तरी स्कॅन 18 मिलिसेकंदवरनं थेट 46. आधी सगळ्यांचा संशय दोन सीपीयूंमधल्या फायबर केबलवर, ती बदलून झाली, फरक शून्य.

भानगड आमच्याच प्रोग्रॅमची होती. लिहिणाऱ्यानं प्रत्येक मोटरला वेगळा प्रोग्रॅम केलेला, एकूण 38, आणि कंट्रोललॉजिक्समध्ये प्रत्येक प्रोग्रॅम संपला की सिंक होतो, म्हणजे लिहिलेला डेटा दुसऱ्या सीपीयूला जातो, डेटा चिमूटभर असला तरी अर्धा एक मिलिसेकंद जातोच, म्हणजे 38 वेळा टोल भरल्यासारखं. प्रत्येक प्रोग्रॅमच्या प्रॉपर्टीजमध्ये सिंकची टिक असते ती 5 ठिकाणी ठेवून बाकीची काढली, 28 वर आला. फक्त टिक काढली की स्विचओव्हरला (पहिला पडून दुसऱ्यानं ताबा घेताना) दुसरा सीपीयू मागच्या सिंकपासनं पुन्हा सुरू करतो हे ध्यानात ठेवा, सरसकट काढत सुटू नका.

दुसरं म्हणजे डेटा. व्हॅल्यू बदलली नाही तरी लिहिली की ती जाते! आमच्याकडं स्काडासाठी (ऑपरेटरच्या स्क्रीनची सिस्टीम) भलामोठा अॅरे दर स्कॅनला कॉपी होत होता, तो सेकंदाला एकदा केला. टॅग (प्रोग्रॅममधली व्हेरिएबल्स) मेमरीत विखुरलेले असले तरी महागात पडतं कारण 256 बाइटचा अख्खा ब्लॉक जातो, म्हणून सारखे लिहिले जाणारे टॅग एका अॅरेत किंवा यूडीटीत (आपण स्वतः बनवलेला डेटा टाइप) गोळा करा. न वापरलेले उडवा.

सीमेन्सचं गणित वेगळं, तिथं एस7-1500 मध्ये आर आणि एच अशी दोन रिडंडंट मॉडेलं, आर प्रोफिनेट (त्यांचं इंडस्ट्रियल नेटवर्क) रिंगवरनंच सिंक करतं आणि एचला त्यासाठी वेगळी फायबर असते, त्यामुळं आर हळू.

आणि एक, पीआयडी (लेव्हल, प्रेशर सेटपॉइंटला धरून ठेवणारा कंट्रोल लूप) कंटिन्युअस टास्कमध्ये, म्हणजे स्कॅन संपला की लगेच परत चालणाऱ्या टास्कमध्ये असेल तर आधी ते बघा. आमच्या ड्रम लेव्हलच्या लूपला अपडेट टाइम 0.02 सेकंद भरलेला, प्रत्यक्षात तो चालायचा 46 मिलिसेकंदला, त्यामुळं इंटिग्रल (साठलेली चूक भरून काढणारा भाग) मंद पडला आणि लेव्हल सेटपॉइंटला यायला उगाच वेळ लावायला लागली, ऑपरेटर म्हणतोय व्हॉल्व्ह अडकलाय. लूप 100 मिलिसेकंदच्या पीरियॉडिक (ठरल्या वेळानं चालणाऱ्या) टास्कमध्ये टाकला, अपडेट टाइम 0.1 केला, मिटलं.

मोजायचं असेल तर प्लँट बंद असताना सेकंडरी, म्हणजे दुसरा सीपीयू, डिसक्वालिफाय करून (सिंकमधनं काढून) टास्क मॉनिटरला मॅक्स स्कॅन बघा, रिसेट करा, मग सिंक झाल्यावर परत बघा. वॉचडॉग (टास्क याहून जास्त लांबला तर फॉल्ट देणारी मर्यादा) डिफॉल्ट 500 मिलिसेकंद असतो, तो वाढवायची वेळ बहुतेक येणार नाही. तुमच्याकडं प्रोग्रॅम किती आहेत ते टाका, मग अंदाज सांगतो.