वाण म्हणजे बियाणं नाही गं

तुझा साडेसहा मिनिटांचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. आयव्हरी कोस्टमधे बुआकेजवळ एम्बेला आफ्रिका राइस या भात संशोधन संस्थेच्या केंद्रात काम मिळतंय, पण ते "नुसतं बियाणं वाढवायचं", आणि तुला जायचंय जीन एडिटिंगच्या लॅबमधे. नुसतं! डोकंच फिरलं माझं, म्हणून लिहितोय, फोनवर उगाच ओरडलो असतो.

नेरिका, तो आफ्रिकेसाठी काढलेला संकरातला भात, तुला पाठ आहे, माहितीये. आफ्रिकेचं स्वतःचं भात, तणाला दाबून टाकणारं पण पिकलं की दाणे झाडणारं, त्याचा आशियाई भाताशी संकर केला, तो बहुतेक वांझ निघायचा म्हणून भ्रूण काढून लॅबमधे वाढवला, पुन्हा पुन्हा आशियाई वाणाशी जुळवला. सिएरा लिओनच्या माँटी जोन्सना त्यासाठी २००४ चं वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं. भारी काम, वादच नाही. पण तो वाण बाईच्या कणगीपर्यंत कसा जातो ते सांग ना मला. वाण म्हणजे बियाणं नाही.

मला हे गिनीत कळलं, तेही उशिरा. शेजारच्या देशातून बियाण्याचा ट्रक यायचा होता. इकोवासचा, म्हणजे पश्चिम आफ्रिकी देशांच्या गटाचा, २००८ चा नियम होता की एका देशात रिलीज होऊन कॅटलॉगमधे चढलेला वाण बाकी सदस्य देशांत विकता यावा, पण नाक्यावरच्या साहेबाला शिक्का हवा होता, आणि आमच्या प्रोजेक्टमधे शिक्क्याच्या मागे लागायला माणूसच नव्हता. तो माणूस मी असायला हवा होतो. मी त्या आठवड्यात रिपोर्ट लिहीत बसलो होतो, डोनरची तारीख होती, आता तूच सांग काय करायचं माणसानं.

पोती पोचली तोवर पेरण्या उरकल्या होत्या. एका म्हातारीनं मूठभर दाणे सुपात घेतले, पाखडले, लाल दाणे वेचून तळहातावर ठेवले. सात होते. माझ्याकडे बघितलंही नाही, दुभाष्याला म्हणाली, शिजवायला चालेल. आणि खरंच शिजवलं गावानं. वाण उत्तमच होता गं, पण बियाणं नव्हतं ते, भेसळीचा उशिरा आलेला तांदूळ होता.

पैदासकार, पायाभूत, प्रमाणित, बियाणं वाढवायच्या या पायऱ्या आपण परीक्षेपुरत्या घोकतो. कोणीतरी चिखलात उभं राहून वेगळ्या उंचीची, वेगळ्या लोंबीची झाडं उपटावी लागतात, नाहीतर जोन्सचं काम तीन हंगामांत मातीत जातं. ते "नुसतं" काम.

आणि हे एकट्या देशाचं कामच नाही. १९७१ मधे ११ देशांनी मिळून वॉर्डा काढली, तीच आजची आफ्रिका राइस. २००२ मधे आयव्हरी कोस्टमधे युद्ध पेटलं तेव्हा संस्था बुआके सोडून मालीत बामाकोला, मग बेनिनमधे कोटोनूला, २०१५ ला परत आयव्हरी कोस्टमधे, आबिजानला. भातावरचा यलो मॉटल व्हायरस काही पासपोर्ट दाखवून नाक्यावरून जात नाही, मग बियाण्यानंच का थांबायचं?

लॅब कुठं पळून जात नाहीये, बत्तीसाव्या वर्षीही जाता येईल. मी स्वतः चुकलोय, म्हणून बोलतोय, पटलं नाही तर सोड. (नाही, सोडू नकोस.)

फ्रेंच आजपासून सुरू कर, दुभाष्यावर राहू नकोस. पहिली लॉट आली की शंभर दाणे ओल्या कापडात गुंडाळून ठेव आणि किती उगवले तो आकडा मला व्हॉट्सॲप कर.