दोन रिपोर्ट आणि फक्त पहिली ओळ

पुण्यातल्या सहकारनगरमध्ये राहणारे एक जोडपे काही महिन्यांपूर्वी माझ्याकडे आले होते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. ताईंचे वय 48, यजमानांचे 51. वार्षिक तपासणीत दोघांचेही रक्त तपासले गेले होते आणि ताईंच्या लिपिड प्रोफाइलच्या, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीच्या, पहिल्याच ओळीत एकूण कोलेस्टेरॉलचा 218 हा आकडा ठळक छापलेला होता. "मॅडम, 200 च्या वर गेले म्हणजे मला झटका येणार का?" हे विचारताना त्यांचा आवाज कापत होता. तीन आठवड्यांपासून त्यांनी तूप, अंडी, एवढेच काय, शेंगदाण्याची चटणीही बंद केली होती. छातीत जरा चमक आली तरी त्या रात्री उठून बसत. ईसीजी व्यवस्थित असल्याचे डॉक्टरांनी सांगूनही धास्ती गेली नव्हती. यजमानांचे एकूण कोलेस्टेरॉल 194 होते. ते केवळ सोबतीला आले होते, आणि त्यांचा कागद त्याच फाइलमध्ये मागे लावलेला होता.

एवढ्या घाबरलेल्या माणसाला "काही होत नाही" असे म्हणून मी कधीच परत पाठवत नाही, कारण त्याने भीती जात नाही, फक्त विचारायचे थांबते. मी ताईंच्या हाती पेन दिले. एकूण कोलेस्टेरॉल ही एक बेरीज आहे, एवढे सांगून तिचे तीन भाग त्यांना लिहायला लावले: रक्तवाहिन्यांच्या भिंतीत साचणारे एलडीएल 128, जादा कोलेस्टेरॉल यकृताकडे परत नेणारे 'चांगले' एचडीएल 72, आणि ट्रायग्लिसराइड्स ही रक्तातली चरबी वाहून नेणारे व्हीएलडीएल 18. हा शेवटचा आकडा अनेक प्रयोगशाळा वेगळा मोजत नाहीत, ट्रायग्लिसराइड्सला पाचने भागून काढतात. ताईंचे ट्रायग्लिसराइड्स 90 होते. स्त्रियांमध्ये एचडीएल 50 च्या वर असावे अशी अपेक्षा असते. त्यांचे 72 होते आणि बेरीज फुगण्यात त्याचाही वाटा होता. एलडीएल मात्र 100 च्या आत असणे उत्तम, त्यामुळे 128 कडे दुर्लक्ष करा असे मी म्हटले नाही. पाळी थांबण्याच्या काळात ते वाढते आणि थायरॉइडचे काम मंदावले तरी वाढते, म्हणून थायरॉइडच्या टीएसएच या रक्ततपासणीबद्दल डॉक्टरांना विचारण्यास सुचवले.

मग मी मागचा कागद पुढे घेतला. यजमानांचे एचडीएल 31 होते, जे पुरुषांमध्ये निदान 40 असावे. ट्रायग्लिसराइड्स 265, जे 150 च्या आत असावेत. एकूण आकड्यातून एचडीएल वजा केले की रक्तवाहिन्यांना त्रास देऊ शकणारे सगळे कण एकत्र मोजले जातात, हे सांगून ती वजाबाकीही ताईंनाच करायला लावली. त्यांचे स्वतःचे उत्तर आले 146, यजमानांचे 163. ताईंचे पेन थांबले. "म्हणजे यांचे जास्त काळजीचे आहे?" एवढेच त्या म्हणाल्या. पहिल्या ओळीवर समाधान मानून या कागदाकडे घरात कोणीही नीट पाहिले नव्हते, याचे मला फार वाईट वाटले.

पुढे विचारत गेले तेव्हा चित्र स्पष्ट झाले. यजमानांच्या वडिलांना 52 व्या वर्षी झटका आला होता. पोटाचा घेर वाढलेला, दिवसभर बैठे काम, संध्याकाळी दोन कप गोड चहा आणि खारी, शनिवारी मद्य. पहिल्या तपासणीच्या आदल्या रात्री लग्नाचे जेवण झाले होते, म्हणून बारा तास उपाशी राहून तपासणी पुन्हा करून घेतली, तरी ट्रायग्लिसराइड्स 241 आले. सोबत केलेली एचबीए1सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी तपासणी, 6.3 टक्के होती, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. गोळी सुरू करायची की नाही हे ठरवणे माझे काम नाही. त्यासाठी रक्तदाब, साखर आणि वडिलांचा इतिहास एकत्र पाहणाऱ्या फिजिशियनकडे मी त्यांना पाठवले.

आहाराच्या बाबतीत मी ताईंची चटणी आधी परत दिली, कारण कोलेस्टेरॉल प्राण्यांपासून मिळणाऱ्या पदार्थांतच असते, शेंगदाण्यात ते नसतेच. शिवाय शरीरातले बरेचसे कोलेस्टेरॉल आपले शरीरच तयार करते. तूप चमच्याने मोजून घ्यावे, एवढेच ठरले. यजमानांसाठी साखर, मैदा, वनस्पती तुपातले बेकरीचे पदार्थ आणि मद्य हे मुद्दे होते. दोघांनी रोज सकाळी तळजाई टेकडीवर चालायला जावे, असेही ठरले.

तीन महिन्यांनी यजमान स्वतः रिपोर्ट घेऊन आले. फिजिशियनने तूर्त गोळी न देता वाट पाहण्याचे ठरवले होते. ट्रायग्लिसराइड्स 172, एचडीएल 34. अजून मजल बाकी होती. ताईंची टीएसएच ठीक आली होती आणि झोप परतली होती. निघताना यजमानांनी विचारले, "मॅडम, मुलगा 24 वर्षांचा आहे, त्याचेही रक्त तपासून घ्यावे का?" आजोबांचा इतिहास पाहता मी लगेच होकार दिला, आणि पहिल्या तपासणीसाठी त्याने उपाशी राहण्याचीही गरज नाही, हेही सांगितले.