हेगला यायचं म्हणतेस

तुझा प्रश्न दोनदा वाचला. चार वर्षं कोल्हापुरात वकिली झाली, आता तंत्रज्ञान आणि मानवी हक्क या विषयात नेदरलँड्समध्ये एलएलएम, म्हणजे कायद्यातली पदव्युत्तर पदवी, करायचीय, सहा वर्षांचा मुलगा सोबत; ताई, येऊ का? व्हिसा, फी वगैरे विद्यापीठाच्या साइटवर आहे, ते सोडते.

काम मोलाचं आहे, यात शंका नाही. ५ फेब्रुवारी २०२० ला हेगच्या जिल्हा न्यायालयानं 'सिरी' ही सरकारी प्रणाली बेकायदा ठरवली. वेगवेगळ्या खात्यांची माहिती जोडून सरकारी भत्त्यांत कोण गैरप्रकार करत असेल, याचा अंदाज ती बांधायची. आणि लावली होती गरीब वस्त्यांवर. निकाल इंग्रजीतही आला. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाचला आणि मला रडू आलं. मी कोल्हापुरात वकिली करायचे तेव्हाच्या, बावड्याच्या एक मावशी आठवल्या. रेशन दुकानातल्या मशीनवर अंगठा उमटेना, म्हणून रिकामी पिशवी घेऊन माझ्या टेबलाशी आल्या होत्या. धुणीभांडी करून बोटांच्या रेषाच झिजलेल्या. मी एक अर्ज लिहून दिला. त्यापुढं काय करायचं, ते मला तेव्हा सुचलं नाही.

पण आपल्या सनदेवर इथं कोर्टात उभं राहता येत नाही. संस्थांमध्ये संशोधन, तक्रारींचे मसुदे, अहवाल, एवढंच हाती येतं. डच आल्याशिवाय मूळ फाइल वाचता येत नाही. माझी तीन वर्षं त्यात गेली.

मुलाच्या जन्मदाखल्यावर नाव आहे का, आजच बघ. माझ्या लेकीच्या दाखल्यात नावाचा रकाना कोराच होता. नाव चढवा, मग इंग्रजी प्रत, मग त्यात स्पेलिंग चुकलेलं, मग मुंबईहून अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का. बाबांनी गुडघेदुखी घेऊन किती हेलपाटे घातले! अजून मनाला लागतं.

एकटेपणा येतो, सवय होते.

शाळेच्या पद्धतीची सवय मात्र मला झाली नाही. इथं बाराव्या वर्षाच्या सुमाराला शाळा सांगते, मूल पुढं कुठल्या पातळीच्या शाखेत जाणार. माझी लेक गणितात पुढं, डच कच्चं. बाईंनी कागद सरकवला: खालची शाखा. आक्षेप घेता आला असता. यंत्रानं माणसाची प्रतवारी करू नये, असं मी दिवसभर लिहीत होते, आणि त्या टेबलाशी 'ठीक आहे' म्हणून सही केली. परक्या देशात वाद नको वाटला. लेकीनं घरी येताना एवढंच विचारलं, "आई, तू काही बोलली का नाहीस?"

आणि कोल्हापूर आता तेच राहिलेलं नाही. मी निघाले तेव्हा मुंबईच्या हायकोर्टासाठी महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये रात्र काढावी लागायची. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच, सीपीआर रुग्णालयासमोर, त्याच हायकोर्टाचं सर्किट बेंच बसतंय. गोपनीयता हा मूलभूत हक्क, हे सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ लाच सांगितलं. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे, त्यात सरकारी यंत्रणांना भल्यामोठ्या सवलती आहेत. त्या मावशींसारख्यांची बाजू तिथं कुणीतरी मांडायला हवी. बेंच तेव्हा असतं, तर मी निघाले असते का? हा प्रश्न मला रात्री पडतो.

तरी आलीस, तर मुलाला पहिल्या दिवसापासून डच बोलायला लाव. आणि शाळेच्या त्या बैठकीची तारीख मला आधी कळव. मी रजा काढून तुझ्याबरोबर येईन.