ब्लास्टिंगमध्ये रिसर्च करायचा म्हणते? करू द्या, पण आधी खाणीवर जाऊ द्या

ताई, नमस्कार. तुमचं पत्र नीट वाचलं. वणी तालुक्यातलं गाव, जवळच कोळशाची ओपनकास्ट म्हणजे उघडी खाण, दुपारी सायरन झाला की फळीवरची भांडी खडखडतात, भिंतीला तडे गेलेत, आणि याच घरातली पोरगी नागपूरला मायनिंगच्या थर्ड इयरला आहे आणि आता म्हणते मला साधी नोकरी नको, ब्लास्टिंगमध्येच रिसर्च करायचाय. जाऊबाई म्हणतात पोरीनं काय बॉम्ब बनवायचे का. तुम्ही विचारलंय की यात करिअर आहे का, जिवाला धोका किती, पोरीच्या जातीला हे लोक घेतात का, आणि डिग्री झाली की लगेच पीएचडीला टाकावं की कसं.

उत्तर आधीच सांगून टाकतो. करू द्या. फक्त लगेच पीएचडी नको, दोन-तीन वर्षं खाणीवर किंवा बोगद्याच्या साइटवर काढू द्या आणि मग रिसर्चला जाऊ द्या. असं का म्हणतोय ते खाली लिहितो, जरा लांब होईल.

बॉम्बचं म्हणाल तर स्फोटक बनवणं आणि ब्लास्टिंग करणं ही दोन वेगळी कामं आहेत, लोक एकच समजतात. नवीन स्फोटक शोधायचं ते केमिस्ट्रीवाल्यांचं काम, पुण्याची एचईएमआरएल ही डीआरडीओची लॅब आहे, शिवाय नागपूरच्या आजूबाजूला कारखाने आहेत, तिथे केमिस्ट्रीची नाहीतर केमिकल इंजिनियरिंगची माणसं लागतात. तुमची पोरगी बोलतेय ते दगडाच्या बाजूचं काम आहे. स्फोटक तयार मिळतं, प्रश्न असा की ते कुठे, किती आणि कोणत्या क्रमाने फोडलं म्हणजे दगड हवा तेवढाच तुटेल आणि बाकी कशाला धक्का लागणार नाही. स्फोटकाच्या ताकदीतला थोडाच भाग दगड तोडायला लागतो, उरलेली ताकद जमिनीच्या हादऱ्यात, आवाजात, उडणाऱ्या दगडात वाया जाते. ती वाया जाणारी ताकद कमी करायची, हाच या रिसर्चचा गाभा आहे, मोठा धमाका करणं नाही.

तुम्ही लांबून जो एक धमाका ऐकता तो खरं तर एक नसतो. बेंचवर, म्हणजे खाणीतल्या पायरीवर, ओळीने होलं मारलेली असतात, त्यात स्फोटक भरून वरचा भाग ड्रिलच्या चुऱ्याने बंद करतात, त्याला स्टेमिंग म्हणतात, आणि मग होलं एकामागून एक फुटतात, मध्ये 17, 25, 42 मिलिसेकंद असं अंतर, म्हणजे डिले, ठेवून. पुढच्या ओळीने दगड सरकवून जागा केली की मागच्या ओळीला मोकळी बाजू मिळते. गावापर्यंत हादरा किती पोचणार हे त्या दिवशी एकूण किती टन उडवलं यापेक्षा एका डिलेला, म्हणजे एकाच क्षणी, किती किलो फुटलं आणि तुमचं घर किती लांब आहे यावर जास्त ठरतं. जुन्या पद्धतीच्या डिलेमध्ये वेळ थोडी मागेपुढे होते, 25 ला फुटायचं ते 23 ला नाहीतर 28 ला फुटतं, त्यामुळे दोन होलं चुकून एकत्र फुटू शकतात. इलेक्ट्रॉनिक डेटोनेटरमध्ये (डेटोनेटर म्हणजे स्फोटकाला चालना देणारी छोटी नळी) एकेका मिलिसेकंदाचं प्रोग्रामिंग करता येतं. आपल्याकडे साधे इलेक्ट्रिक डेटोनेटर सरकारने 1 एप्रिल 2025 पासून बंदच केलेत, म्हणजे सगळ्या इंडस्ट्रीला नव्या सिस्टिमवर यावं लागतंय आणि ते नीट समजणारी माणसं लागणार आहेत.

आता तड्यांचं, कारण मला वाटतं पोरीच्या डोक्यात मूळ तेच आहे. डीजीएमएसचं, म्हणजे सरकारच्या खाण सुरक्षा खात्याचं, 1997 चं सर्क्युलर आहे, त्यात आपल्या साध्या घरांसाठी हादऱ्याची मर्यादा दिलीय, हादऱ्याची फ्रीक्वेन्सी, म्हणजे जमीन सेकंदाला किती वेळा हलते ती, 8 हर्ट्झच्या खाली असेल तर सेकंदाला 5 मिलिमीटर, 8 ते 25 मध्ये 10 आणि त्यावर 15. माणसाला मात्र सेकंदाला एखाद मिलिमीटरचा हादराही जाणवतो, म्हणजे भांडी वाजली म्हणून भिंत तडकलीच असं होत नाही, आणि पुष्कळदा भांडी-खिडक्या वाजतात त्या जमिनीने नाहीच, हवेतून येणाऱ्या दणक्याने वाजतात, ढगाळ दिवशी तर तो दणका आणखी लांब ऐकू येतो. दुसरं म्हणजे वणी-वरोरा-भद्रावती हा काळ्या मातीचा पट्टा. उन्हाळ्यात माती आकसते, पावसाळ्यात फुगते, पाया वरखाली होतो आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका तडा जातो, जिथे खाण नाही अशा गावातसुद्धा जातो. खाणवाले एवढंच सांगतात आणि मोकळे होतात. पण त्याच मातीचा जाड थर असला की हादऱ्याची फ्रीक्वेन्सी खाली येते, आणि एकमजली-दुमजली घर स्वतः साधारण 4 ते 12 हर्ट्झला डोलतं, म्हणजे नेमक्या त्याच रेंजमध्ये, मग ते जास्त हलतं. तेव्हा तुमच्या भिंतीचा कुठला तडा मातीचा आणि कुठला सुरुंगाचा हे गाववाल्यांनी ओरडून ठरणार नाही आणि खाणीच्या साहेबाने कागद दाखवूनही ठरणार नाही, त्याला घराच्या पायाशी हादरा मोजणारा जिओफोन लावून, तड्यावर खुणा करून मे ते सप्टेंबर मोजत बसावं लागेल. हे काम कोणीतरी मन लावून करायला हवं असं मला फार वाटतं, आणि ज्या पोरीने दोन्ही बाजू बघितल्यात तिच्याइतकं चांगलं ते कोण करणार.

असे विषय आपल्याच भागात भरपूर आहेत. पावसाळ्यात होलात पाणी भरतं, स्फोटक बिघडतं आणि ब्लास्टनंतर पिवळा-नारिंगी धूर उठतो, तो नायट्रोजनच्या ऑक्साइडचा असतो, विषारी. तो कमी कसा करायचा? सह्याद्रीच्या बेसॉल्टमध्ये एक थर कडक तर खालचा पोकळ, मध्ये लाल बोलचा, म्हणजे मऊ लाल मातीसारख्या थराचा, पट्टा, एकाच डिझाइनने दोन्ही नीट फुटत नाहीत. मॉइलच्या मँगनीजच्या खाणीत प्रश्न वेगळे, वेकोलिच्या कोळशात वेगळे. ड्रोनने ढिगाऱ्याचे फोटो काढून कॉम्प्युटरकडून दगडाचे साइझ मोजून घ्यायचे, त्यावरून पुढचा ब्लास्ट सुधारायचा, हे आता जोरात चाललंय.

आणि हे फक्त खाणीपुरतं नाही. कोयनेचं लेक टॅपिंग आठवत असेल, 13 मार्च 1999 ला आणि नंतर 25 एप्रिल 2012 ला केलं, बोगदा खालून शिवसागर जलाशयाच्या तळाजवळ नेला, मध्ये दगडाचा एक प्लग ठेवला आणि तो एका ब्लास्टमध्ये उडवला, धरण रिकामं न करता. त्यात दुसरा चान्स नसतो. नवी मुंबई विमानतळासाठी उलव्याची टेकडी सुरुंग लावूनच सपाट केली, मुंबई-पुणे एक्सप्रेसवेच्या मिसिंग लिंकचा जवळपास 9 किलोमीटरचा बोगदा ड्रिल-ब्लास्टनेच झाला. बोगद्यात दगड ठरल्यापेक्षा जास्त निघाला की तेवढं काँक्रीट फुकट जातं, कंपन्यांना ते फार महागात पडतं, म्हणून तिथे ब्लास्टिंग समजणाऱ्या इंजिनियरला किंमत आहे.

धोक्याचं लपवत नाही. नागपूर जिल्ह्यात स्फोटकांच्या कारखान्यांमध्ये डिसेंबर 2023 ला आणि जून 2024 ला जे स्फोट झाले ते तुम्ही वाचलेच असतील, बायका-पोरी गेल्या त्यात, आणि तुमची भीती तिथूनच आली असणार. पण ते कारखान्यातलं होतं. खाणीत ब्लास्टिंगमध्ये जीव जातो तो बहुतेक उडालेल्या दगडाने, नाहीतर न फुटलेल्या होलात पुन्हा ड्रिल गेल्याने, नाहीतर 500 मीटरच्या डेंजर झोनमध्ये कोणी राहून गेल्याने. म्हणजे नियम पाळला तर बराचसा टळतो, घाई केली की होतो. पोरीला एवढंच सांगा की साइटवर कोणी म्हटलं चल मॅडम, काही होत नाही, तर तिथे नाही म्हणायचं, मग तो कितीही सिनियर असो. रिसर्चवाल्या माणसाचा दिवस तसाही जास्त करून इन्स्ट्रुमेंट लावण्यात आणि कॉम्प्युटरसमोर आकडे बघण्यात जातो.

पोरींना घेतात का, हो, घेतात. खाणीच्या कायद्यात बायकांना अंडरग्राउंडला बंदी होती, 2019 मध्ये सरकारने ती टेक्निकल आणि सुपरव्हायझरी कामासाठी दिवसाच्या पाळीत शिथिल केली, ओपनकास्टला तर रात्रपाळीलाही अटी घालून परवानगी आहे. आणि लांब कशाला, डॉ. चंद्राणी प्रसाद वर्मा चंद्रपूरच्याच, देशातल्या पहिल्या महिला मायनिंग इंजिनियर म्हणून त्यांचं नाव घेतात, ऍडमिशनसाठी कोर्टात जावं लागलं होतं त्यांना, आणि पुढे सिंफर या खाणीवर रिसर्च करणाऱ्या सरकारी संस्थेच्या नागपूर सेंटरला शास्त्रज्ञ झाल्या. जाऊबाईंना हे नक्की सांगा. तरी साइटवर टॉयलेटपासून टोमण्यांपर्यंत त्रास होतो, तो अजून गेलेला नाही, पोरीने मनाची तयारी ठेवावी आणि तुम्ही तिच्या मागे राहा.

आता आधी खाण का, ते. ब्लास्टिंगचा रिसर्च लॅबमध्ये पूर्ण होत नाही. पुस्तकात हादऱ्याचं सूत्र असतं, त्यातले दोन आकडे मात्र प्रत्येक साइटवर नव्याने मोजून काढावे लागतात, वणीचे आकडे उमरेडला चालत नाहीत. जी मुलं सरळ पीएचडीला बसतात त्यांना डेटासाठी खाणवाल्यांच्या हातापाया पडावं लागतं, आणि मिळालेला डेटा खरा की टेबलावर बसून लिहिलेला हे त्यांना ओळखता येत नाही, कारण होल किती खोल मारायचं ठरलं होतं आणि प्रत्यक्षात किती मारलं गेलं, स्टेमिंग खरंच पूर्ण भरलं का, हे त्यांनी उभं राहून कधी बघितलेलं नसतं. दोन वर्षं शॉटफायररबरोबर, म्हणजे सुरुंग उडवणाऱ्या माणसाबरोबर, उन्हात उभं राहिलेली पोरगी असं कधी फसणार नाही. शिवाय त्या अनुभवावर डीजीएमएसची सेकंड क्लास, पुढे फर्स्ट क्लास मॅनेजरची परीक्षा देता येते, ते सर्टिफिकेट हातात असलं की रिसर्चमध्ये नाही जमलं तरी घर चालतं. तुमच्यासारख्या घराला हा आधार पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

पैशाचं थोडक्यात सांगतो. कोल इंडियाने मायनिंगची मुलं बरीच वर्षं गेट या परीक्षेच्या स्कोअरवरून घेतलीत, सुरुवातीचं बेसिक 50,000. एमटेकला गेटवाल्यांना महिन्याला 12,400 स्टायपेंड, पीएचडीला जेआरएफ ही फेलोशिप असेल तर 37,000 आणि वर घरभाडं. एमटेक-पीएचडीसाठी धनबाद आयआयटी, खरगपूर, बीएचयू, आपलं व्हीएनआयटी बघावं, रिसर्चच्या नोकरीसाठी धनबादचं सिंफर आणि बंगळुरूचं एनआयआरएम ही दगडाच्या अभ्यासाची संस्था. बाहेर जायचं तर स्वीडनमध्ये लुलेओ, ऑस्ट्रियात लिओबेन, अमेरिकेत मिसुरी एस अँड टी, तिथे तर एक्सप्लोझिव्ह इंजिनियरिंगची वेगळी डिग्रीच आहे. पण त्याची घाई आत्ता नको.

आत्ता करायचं ते एवढंच, येत्या सुट्टीत तिला ट्रेनिंग ओपनकास्टवर घ्यायला सांगा आणि तिथे ऑफिसात न बसता ड्रिलिंग-ब्लास्टिंग सेक्शन मागून घ्यायला सांगा. फायनल इयरचा प्रोजेक्ट हादऱ्यावर नाहीतर फ्रॅगमेंटेशनवर, म्हणजे दगड किती बारीक तुटतो त्यावर, घेऊ दे, खाणीचं जुनं ब्लास्ट रजिस्टर मिळालं तरी पुष्कळ आहे. गेटचे फॉर्म ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये निघतात, पेपरचा कोड एमएन, परीक्षा फेब्रुवारीत. थर्ड इयरलाही देता येते आणि स्कोअर तीन वर्षं चालतो. म्हणजे नोकरीला लागली तरी तोच स्कोअर दाखवून नंतर एमटेकला अर्ज करता येईल. आणि पुढचं पत्र तिला स्वतःला लिहू द्या, तिला नेमकं हादऱ्यावर काम करायचंय की बोगद्यावर, ते तिच्याकडून कळलं की कोणत्या प्रोफेसरकडे जावं ते मला नीट सांगता येईल.