आपल्याकडे स्नोई कधी येणार?

प्रश्न : माझा मुलगा सिनिअर केजीत आहे. शाळेने हवामानाचा तक्ता दिलाय : सनी, क्लाउडी, रेनी, विंडी, स्नोई. रोज एका चित्रावर खूण करायची. शाळा सुरू झाल्यापासून 'रेनी'वरच खुणा चालल्यात आणि चिरंजीव रोज विचारतात, "आई, आपल्याकडे स्नोई कधी येणार?" त्याला हवामान समजावायचं तरी कसं?
– एक आई, मुलुंड

उत्तर : स्नोई येणार नाही, असं सरळ सांगून टाका. सांताक्रूझच्या वेधशाळेत नोंदलं गेलेलं सर्वांत कमी तापमान ७.४ अंश आहे, तेही १९६२ च्या जानेवारीतलं. काश्मीरचे फोटो दाखवा, फ्रीजरच्या भिंतीवर साचलेला भुसभुशीत बर्फ बोटाने खरवडू द्या, विषय संपला. परळच्या बालवाडीत माझी सगळी नोकरी गेली. हे असले तक्ते मला तेव्हाही खटकायचे. मुंबईच्या पोराला सगळ्यात जास्त ठाऊक असतो तो उकाडा, आणि त्यालाच तक्त्यात जागा नाही!

तेव्हा शाळेचा तक्ता शाळेपुरता भरा आणि घरी दुसरा करा. त्यातली चित्रं मुलालाच ठरवू द्या. आमच्या वर्गात मुलं 'चिकचिक' म्हणून घामाने ओला झालेला माणूस काढायची. भुरभुर वेगळी, धो धो वेगळा, ऊन-पाऊस वेगळा. एका दिवसाला एकच खूण हा हट्टही सोडा. सप्टेंबरात सकाळी कडक ऊन आणि संध्याकाळी गडगडाट, हे नेहमीचंच आहे.

त्याच्या हाती रोजचं एक काम द्या. त्याचाच एक रुमाल धुऊन, पिळून दोरीवर टाकायचा आणि वाळला का ते मधूनमधून हात लावून बघायचं. जुलैत तो दुसऱ्या दिवशीही दमट लागेल आणि वास मारेल. जानेवारीत मात्र हवेत गारवा असूनही लवकर वाळेल. मग तो विचारेलच, ऊन तर मे महिन्यासारखं नाही, मग वाळला कसा? तेव्हा सांगा, पावसाळ्यात हवेतच आधी इतकं पाणी असतं की रुमालातलं पाणी घ्यायला तिच्यात फारशी जागा उरत नाही. 'आर्द्रता' हा शब्द चौथीत येईल तेव्हा येईल.

पाऊस मात्र मोजायलाच शिकवा. सरळ अंगाची, दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली घ्या. वरचा निमुळता भाग तुम्हीच कापा आणि उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवा. तळाला खळगे असतात, म्हणून थोडे खडे घालून ते बुडेपर्यंत पाणी ओता. त्या पाण्याच्या रेषेवर शून्य येईल अशी कागदी पट्टी बाहेरून चिकटवा, वरून पारदर्शक टेप. खिडकीच्या ग्रिलमध्ये बाटली ठेवून उपयोग नाही, तिथे इमारतीचा आडोसा येतो. गच्चीवर, टाकी आणि कठड्यापासून लांब ठेवा. गच्चीला कुलूप असेल तर सेक्रेटरींना मस्का लावा. मूल सोबत असलं की किल्ली मिळते.

रोज सकाळी साडेआठला आकडा बघायचा, कारण वेधशाळाही तेव्हाच मोजते. मग पेपरात कुलाबा आणि सांताक्रूझचे आकडे शोधायचे. तिन्ही वेगळे निघतील आणि मुलाला वाटेल आपलं चुकलं. चुकलेलं नसतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच वेळी कुलाब्याला ७५ सुद्धा नाही. ९४४ म्हणजे किती, ते दारामागे पट्टीने खूण करून दाखवा. पाच वर्षांच्या मुलाच्या गळ्याशी येईल. (तेवढं पाणी सगळीकडे साचलं होतं, असं मात्र त्याला वाटू देऊ नका. पडलेलं पाणी वाहून जातं आणि सखल भागात साठतं.) मोजून झालं की पाणी पुन्हा शून्याच्या रेषेपर्यंत ओतून द्या आणि तळाचं पाणीही दोन-तीन दिवसांनी बदला, नाहीतर डासांची पैदास गच्चीवरच सुरू व्हायची.

वाऱ्यासाठी काठीला रिबीन बांधून दुपारी शिवाजी पार्कच्या चौपाटीवर जा. समुद्राकडून जमिनीकडे येणारे खारे वारे रिबिनीवर दिसतील. मार्च-एप्रिलमध्ये हे वारे सुटायला उशीर झाला की पारा चढतो. तुम्ही मुलुंडकर, समुद्रापासून लांब, त्यामुळे तुम्हाला ते वेगळं सांगायला नको.

प्रश्न : नात चार वर्षांची आहे. गडगडाट झाला की थरथर कापते. मी तिला 'ढगात म्हातारी हरभरे भरडतेय' असं सांगतो. सूनबाई म्हणतात, मुलांना खोटं सांगू नका. कोणाचं खरं?
– एक आजोबा, गिरगाव

उत्तर : आजोबा, म्हातारीला राहू द्या. चार वर्षांच्या पोरीला ती गोष्ट आहे हे कळतं. पण भीती जायला तिला काहीतरी करायला हवं. वीज चमकली की दोघांनी मोठ्याने आकडे म्हणायचे, आवाज येईपर्यंत. उजेड लगेच दिसतो, आवाजाला मात्र एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. नऊ आकडे झाले तर वीज तीन किलोमीटरवर. आकडे वाढत गेले की तिला सांगा, ढग लांब चालले. तिला जमतील तेवढे तिने म्हणावेत, पुढचे तुम्ही. तिसाच्या आत आवाज आला तर गच्चीत किंवा मैदानात थांबायचं नाही, हा नियमही त्यातच शिकवून टाका. सूनबाईंनाही मोजायला बसवा. मुंबईत गडगडाट जास्त होतो तो पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसात, म्हणजे ऑक्टोबरात पुन्हा सराव आहेच.